हुर्यो : एका बचावपटूचे वाचन

आमच्यापैकी एकाचा थोरला भाऊ १९९६ साली नोकरीनिमित्त टोरांटोला गेला. त्या हिवाळ्यात त्याचे एक लांबलचक पत्र आले. आधीची पत्रे थंडीची, एकटेपणाची आणि डब्यात नेलेल्या पोळीभाजीकडे सहकारी कसे बघतात याची होती. या पत्रात मात्र त्याने मेपल लीफ गार्डन्स या प्रसिद्ध बंदिस्त मैदानात पाहिलेल्या आइस हॉकीच्या सामन्याचे वर्णन केले होते. कचेरीतल्या कुणाचे तरी तिकीट वाया जाणार होते, ते त्याला मिळाले. त्याने लिहिले होते की इथल्याच संघात एक मर्फी नावाचा खेळाडू आहे. त्याच्याकडे चकती आली रे आली की सगळे प्रेक्षागृह त्याची हुर्यो उडवते, चुकल्यावर नव्हे, चकती नुसती आल्यावर. पुढे असे होते : ‘पहिल्या वेळी मला कळेना. दुसऱ्या वेळी मी हसलो. तिसऱ्या वेळी मीही ओरडलो, आणि शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच मला मी इथला आहे असे वाटले.’

हे पत्र आम्ही दोघांनी अनेकदा वाचले आहे. एकाने भाऊ म्हणून, दुसऱ्याने मित्र म्हणून. पुढे दोघेही मराठीचे अध्यापन करू लागलो, समीक्षेचे पेपर शिकवू लागलो, तेव्हा त्या पत्रातला प्रश्न आम्हाला आमच्या विषयाचा वाटू लागला. एखादा कलावंत, खेळाडू वा शिक्षक नव्या ठिकाणी येतो आणि त्याचे काम बिघडते. हे बिघडणे आपण वाचतो कसे? त्यावरून त्याच्याविषयी काय म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचतो? चाहत्यांच्या वादाला समीक्षा म्हणणे काहींना अतिशयोक्त वाटेल. परंतु जिथे निरीक्षण आहे, अर्थनिर्णय आहे, मूल्यमापन आहे आणि या तिन्हींवरून भांडण आहे, तिथे समीक्षा नाही तर दुसरे काय आहे?

आपल्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंद आणि खडकीचा धनराज पिल्ले आठवतात. ही हॉकी निराळी. बर्फावर, स्केट्सवर, रबरी चकतीने खेळायची. एका वेळी गोलरक्षक धरून सहाजण बर्फावर असतात आणि त्यांपैकी दोघे बचावपटू. बचावपटू जोडीने खेळतात, ही गोष्ट या लेखापुरती फार महत्त्वाची आहे. एक पुढे गेला तर दुसऱ्याने मागे राहायचे, एक कोपऱ्यात झुंजायला गेला तर दुसऱ्याने गोलासमोरची जागा सोडायची नाही. आघाडीचा खेळाडू चुकला तर चकती दूर पलीकडे हरवते आणि ती चूक कुणाच्या ध्यानातही राहत नाही. बचावपटू चुकला तर चुकीच्या मागे फक्त गोलरक्षक असतो. म्हणजे हा असा धंदा, की नीट केलेले काम दिसत नाही आणि बिघडलेले काम फलकावर चढते. प्रूफवाचन करणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

लॅरी मर्फी हा अशा बचावपटूंपैकी एक. जन्म १९६१चा, स्कारबरोचा, म्हणजे टोरांटोचाच. लॉस एंजलिस किंग्स संघाने त्याला १९८०मध्ये निवडले आणि पहिल्याच मोसमात त्याने १६ गोल व ६० साहाय्ये मिळून ७६ गुण केले. नवख्या बचावपटूसाठी हा विक्रम होता. पुढे वॉशिंग्टन, मिनेसोटा, पिट्सबर्ग. मारिओ लेम्यू आणि यारोमीर यागर यांच्या पिट्सबर्ग संघात त्याने १९९१ व १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे स्टॅनली चषक जिंकला. १९९२-९३च्या मोसमात तर त्याचे ८५ गुण झाले. तो वेगवान नव्हता. अंगावर धावून जाणारा, धडका देणारा तर मुळीच नव्हता. चकती कुठे येणार हे आधी ओळखून तिथे उभे राहणे आणि पहिली अचूक चाल देऊन संघाला संकटातून बाहेर काढणे ही त्याची विद्या होती. कोंडी झाली की तो चकती उंच उडवून मधल्या पट्ट्यात टाकत असे, आणि तीही अशा मापाने की ती पार पलीकडच्या टोकाला जाऊ नये. या युक्तीला पुढे त्याचेच नाव चिकटले.

१९९५च्या जुलैत टोरांटोने त्याला पिट्सबर्गकडून घेतले. गावचा मुलगा, दोन चषक जिंकून, मोठ्या पगारावर, वयाच्या चौतिसाव्या वर्षी घरी परतला. पहिल्या मोसमात त्याने ६१ गुण केले, आणि एखाद्या बचावपटूला हे पुष्कळ झाले. परंतु संघ ढासळत होता. त्या मोसमात मार्चमध्ये प्रशिक्षक पॅट बर्न्स यांना काढले, आणि संघ पहिल्याच फेरीत सेंट लुइसकडून हरला. पुढल्या मोसमात, १९९७च्या फेब्रुवारीत, ज्याच्यावर गावाचे जीव ओवाळून टाकण्याइतके प्रेम होते तो कर्णधार डग गिल्मर न्यू जर्सीला गेला. मोसमाअखेर संघाचा हिशेब होता ३० विजय, ४४ पराभव, ८ बरोबरी. या पडझडीला एक चेहरा हवा होता आणि तो मर्फीत सापडला.

चाहत्यांचे म्हणणे काय होते? तो संथ आहे. तो भिडत नाही. पगार घेतो तेवढे देत नाही. पिट्सबर्गमध्ये लेम्यूच्या जिवावर मोठा झाला, इथे उघडा पडला. आणि सर्वांत कडवट आरोप : त्याला काही वाटत नाही. चूक झाल्यावर तो चिडत नाही, काठी आपटत नाही, मान खाली घालत नाही. शांतपणे जागेवर परत येतो. ज्या शांतपणाला पिट्सबर्गमध्ये अनुभव म्हणत, त्याचेच नाव टोरांटोत बेपर्वाई झाले. आम्हा भाषेच्या माणसांना इथे थांबावेसे वाटते. वर्तन तेच आहे, खेळाडू तोच आहे. फक्त ज्या वाक्यात तो बसवला आहे ते वाक्य बदलले आहे. शब्दाचा अर्थ शब्दकोशात नसून वाक्यात असतो हे आपण पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपणच ते विसरतो.

परंतु चाहत्यांना मूर्ख ठरवण्याचा आमचा हेतू नाही. तो मार्ग सोपा आहे आणि खोटा आहे. ते जे पाहत होते ते खरे होते. चुका होत होत्या. तरुण, वेगवान आघाडीवीर त्याच्या बाजूने निसटत होते. वय दिसत होते. आणि त्या प्रेक्षागृहाला एक इतिहास होता. १९६७नंतर या संघाने चषक जिंकला नव्हता (आजतागायत जिंकलेला नाही). संघाचे संस्थापक कॉन स्मिथ यांचे एक वचन तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते : ज्याला गल्लीत हरवता येत नाही त्याला बर्फावर हरवता येणार नाही. अशा परंपरेत वाढलेल्या डोळ्यांना वेंडेल क्लार्कची धडक हे प्रेमाचे लक्षण वाटते आणि मर्फीचा हवेत उडवलेला फटका पळपुटेपणा वाटतो. सौंदर्यशास्त्रे स्थानिक असतात. त्यात गुन्हा काही नाही.

शिवाय हेच प्रेक्षागृह परक्याला जवळ करायलाही जाणत होते. बॉर्ये साल्मिंग हा स्वीडनचा बचावपटू १९७३मध्ये टोरांटोत आला तेव्हा युरोपातले खेळाडू भित्रे असतात असा उत्तर अमेरिकेत पक्का समज होता, आणि विरोधी संघ त्याला तसे म्हणून डिवचतही असत. तो मार खात उभा राहिला. १९७६च्या कॅनडा चषकात स्वीडनचा संघ कॅनडाविरुद्ध खेळायला याच मैदानात उतरला, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांच्या रांगेतल्या साल्मिंगचे नाव पुकारताच लोकांनी उभे राहून दीर्घकाळ टाळ्या वाजवल्या. तेव्हा टोरांटोचे लोक कोत्या मनाचे होते असे म्हणून भागणार नाही. परदेशी साल्मिंग आपला झाला आणि स्कारबरोचा मर्फी परका झाला. म्हणजे आपलेपणाचा संबंध जन्मगावाशी नव्हता. एकाने लोकांना कळेल अशा भाषेत, रक्त सांडून, आपली निष्ठा सांगितली. दुसऱ्याची निष्ठा जागेच्या निवडीत होती, आणि ती लिपी वाचणारे तिथे थोडे होते.

याच ठिकाणी आम्हाला दादाची थाप आठवते. मर्फीला हुर्यो देऊन दादा टोरांटोकर झाला. स्कारबरोतच भाड्याच्या खोलीत राहणारा, सहा महिन्यांपूर्वी आलेला एक मराठी माणूस, स्कारबरोतच जन्मलेल्या माणसाला बाहेरचा ठरवणाऱ्या आवाजात आपला आवाज मिसळून आत आला. आम्ही त्याला दोष देत नाही. थंडीत एकट्या पडलेल्या माणसाला उबेची किंमत कळते, ती ऊब कशावर पेटवली आहे हे तो पाहत बसत नाही. परंतु हुर्योचे हे दुसरे काम आहे हे नोंदवायला हवे. ती खेळाडूविषयी थोडे बोलते आणि ओरडणाऱ्यांना एकमेकांशी पुष्कळ जोडते. म्हणूनच ती पुराव्याने थांबत नाही.

१८ मार्च १९९७ रोजी टोरांटोने मर्फीला डेट्रॉइटला देऊन टाकले. ‘देऊन टाकले’ हाच शब्द योग्य, कारण बदल्यात ‘पुढे पाहू’ या अर्थाच्या एका कागदी तरतुदीखेरीज काही मिळाले नाही. डेट्रॉइटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन होते. ते पिट्सबर्गमध्ये मर्फीबरोबर राहिलेले, १९९२चा चषक त्यांनीच प्रशिक्षक म्हणून जिंकलेला. म्हणजे मर्फी हा मजकूर त्यांनी आधी वाचलेला होता. त्यांनी त्याला निकलस लिडस्ट्रॉम या स्वीडिश बचावपटूच्या जोडीला घातले. लिडस्ट्रॉमकडे वेग होता, अचूकपणा होता आणि मर्फीसारखाच शांतपणा होता. जूनमध्ये अंतिम फेरीत समोर फिलाडेल्फिया आले. त्यांच्या एरिक लिंड्रॉस, जॉन लेक्लेअर आणि मिकाएल रेनबर्ग या आडदांड त्रिकुटाला लोक ‘विनाशाची पलटण’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. सगळ्यांची अपेक्षा होती की बोमन त्यांच्यावर धडाकेबाज कॉन्स्टंटिनॉव्हची जोडी सोडतील. त्यांनी लिडस्ट्रॉम आणि मर्फी यांना सोडले. धडकांना धडकांनी उत्तर देण्याऐवजी त्यांनी चकतीच त्या त्रिकुटाला मिळू दिली नाही. डेट्रॉइटने चार सरळ सामन्यांत चषक जिंकला, १९५५नंतर प्रथमच. पुढल्या वर्षी पुन्हा जिंकला. टोरांटोने ज्याला संथ म्हणून हाकलले त्याच्या नावावर चार चषक झाले. तो २००१पर्यंत डेट्रॉइटमध्ये खेळला, एकूण १६१५ सामने, आणि २००४मध्ये हॉकीच्या सन्मानदालनात गेला.

कथा इथे संपवली तर ती फार गोड होईल. हुर्यो उडवणारे चुकले, गुणी माणूस जिंकला, पडदा. चाहत्यांचा वाद मात्र तिथे संपला नाही आणि ते योग्यच झाले. एक पक्ष म्हणतो, पाहा, दोष मर्फीचा नव्हता, संघाचा होता. दुसरा म्हणतो, डेट्रॉइटमध्ये त्याला लिडस्ट्रॉमने झाकले. जो पुढे सात वेळा सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस चषक मिळवणार होता, त्याच्या शेजारी कुणीही चांगला दिसला असता. गंमत अशी की हे दोन्ही पक्ष एकाच चुकीवर उभे आहेत. दोघांनाही मर्फीची अशी एक ‘खरी’ किंमत हवी आहे, जी सोबत्यांविना, संघाविना, प्रशिक्षकाविना मोजता येईल. जोडीने खेळायच्या खेळात एकट्याचा शुद्ध अर्क मागणे म्हणजे जुगलबंदीतून तबला वजा करून सतार कशी वाजली ते सांगा, असे म्हणणे आहे. आमचे मत असे : टोरांटोतला अडखळणारा मर्फी आणि डेट्रॉइटमधला चषक उंचावणारा मर्फी, दोघेही खरे. पाहणाऱ्यांचे पाहणे बरोबर होते. ‘तो इथे खेळू शकत नाही’ एवढेच त्यातून निघत होते. लोकांनी ‘तो खेळू शकत नाही’ असे वाचले, आणि मग आणखी एक पायरी घसरून ‘तो तसलाच आहे’ असे वाचले.

ही घसरण टाळण्याची शिस्त आपल्या परंपरेत फार जुनी आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने नाट्यप्रयोगाच्या सिद्धीचा विचार केला आहे, आणि तिथेच प्रयोग बिघडवणाऱ्या घातांचाही. हे घात तो त्यांच्या उगमावरून वेगळे करतो. वारा, पाऊस, आग यांमुळे येणारे दैवी. नटाच्या स्वतःच्या चुकीतून येणारे. आणि प्रतिपक्षाने घडवून आणलेले. या शेवटच्या प्रकारात अति हसणे, आरडाओरडा करणे, शेण, ढेकळे आणि चक्क मुंग्या टाकणे यांचीही नोंद आहे. वर्गात हा भाग आला की मुले मुंग्यांवर हसतात आणि आम्हीही हसून पुढे जातो. पण भरताचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दोषांची मोजदाद त्याला हवीच आहे. मात्र निवाडा करण्याआधी त्याला तो दोष कुठून आला हे विचारायचे आहे. टोरांटोच्या प्रेक्षागृहात हुर्योच्या धास्तीने चकती घाईत सुटली आणि गोल झाला, तर ती आत्मकृत चूक म्हणायची की प्रेक्षककृत? हुर्यो आपले भाकीत स्वतःच खरे करते आणि पुन्हा त्याचा पुरावा म्हणून बोट दाखवते.

आकड्यांनी हा पेच सुटेल अशी आशा मधल्या काळात अनेकांनी धरली. तुम्ही बर्फावर असताना आपल्या संघाचे किती गोल झाले आणि समोरच्यांचे किती, ही अधिक-उणेची जुनी पद्धत पुरेशी नाही म्हणून फटक्यांच्या प्रयत्नांवर आधारलेले ‘कोर्सी’सारखे मोजमाप आले. आता तर खेळ कुठल्या पट्ट्यात सुरू झाला, सोबती कोण, समोर कोण, याचाही हिशेब ठेवतात. हे चांगलेच झाले. तरी पी. के. सुबान २०१९मध्ये नॅशव्हिलहून न्यू जर्सीला गेला आणि ६८ सामन्यांत अवघे १८ गुण करू शकला, तेव्हा आकड्यांचा इतका सुकाळ असूनही वाद पुन्हा त्याच वळणावर गेला : हा संपला का, याला खेळात रस उरला आहे का, याचा स्वभावच तसा का. २०१३मध्ये याच माणसाने नॉरिस चषक मिळवला होता. आकडे निरीक्षण सुधारतात. स्वभावावर घसरण्याची ओढ निरीक्षणातून येत नाही, त्यामुळे ती आकड्यांनी जात नाही.

आता थोडे आमच्याविषयी, कारण हा लेख लिहिण्याचे खरे निमित्त तेच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात संस्थेच्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून एक सहकारी बदलून आले. महानुभाव गद्य हा त्यांचा विषय. त्यांच्या तिथल्या वर्गात बी.ए.ची मुले तास संपल्यावरही बसून राहत, असे आम्ही ऐकून होतो. इथे त्यांना कार्यभार कोणता मिळाला? वाणिज्य शाखेच्या सव्वाशे मुलांच्या वर्गाला व्यावहारिक मराठी : अर्जलेखन, इतिवृत्त, जाहिरात. ते हळू बोलत. प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत. मागच्या बाकांवरून आवाज सुरू झाले. दुसऱ्या सत्रात ते वर्गात शिरतानाच आवाज होऊ लागले. विद्यार्थ्यांची प्रत्याभरण-पत्रके आली, त्यांत जे लिहिले होते ते वर्गात घडतच होते. मुले खोटे बोलत नव्हती. विभागाच्या बैठकीत चर्चा झाली तेव्हा कुणीतरी म्हणाले, सर विद्वान आहेत, पण शहरातली मुले त्यांना झेपत नाहीत. कुणी म्हणाले, त्यांना मुळात शिकवायचेच नाही. आम्ही दोघांनी मान हलवली. आमच्याकडे त्या वेळी मध्ययुगीन साहित्याचा पेपर होता. तो त्यांना देऊन अर्जलेखन आम्ही घ्यावे, हे त्या बैठकीत आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. खरे सांगायचे तर एकाच्या मनात आले होते, पण तो पेपर आवडीचा होता.

त्यांनी पुढल्याच वर्षी विनंती करून बदली मागून घेतली. ते आता कुठे शिकवतात हे आम्हाला ठाऊक आहे. तिथली मुले तास संपल्यावर बसून राहतात की नाही, हे विचारण्याचे धैर्य अद्याप झालेले नाही. त्यांना बोमन भेटला असता तर काय झाले असते असा प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो आणि लगेच लक्षात येते की त्या खुर्चीत तेव्हा आम्हीच होतो.

दादा टोरांटोतच राहिला. आमच्यापैकी एकजण काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेला होता, तेव्हा यंग स्ट्रीटच्या टोकाला एका जुन्या बँकेच्या देखण्या इमारतीत असलेले हॉकीचे सन्मानदालन पाहायला ते दोघे गेले. काचेच्या पाट्यांवर कोरलेल्या चेहऱ्यांत मर्फीचा चेहरा शोधायला वेळ लागला नाही. दादा त्याच्यासमोर बराच वेळ उभा होता. जुन्या पत्राची आठवण काढल्यावर तो हसला. म्हणाला, ‘ओरडलो होतो खरा. चूकच झाली.’ मग दाराकडे चालता चालता थांबून, जरा घुश्श्यातच म्हणाला, ‘पण त्या दिवशीचा दुसरा गोल त्याच्यामुळेच झाला होता. मी बघितलाय.’